खुंटी

आमच्या गोठ्यात एक खुंटी होती,
खुंटीला जर्मनचा पेला.
पेला खजानचा.
सातपुड्यातून केळीबागेत राबायला आलेलं
पावऱ्याचं पोर, माझ्याच वयाचं.
त्याच्याजवळ बसू नको, काकू म्हणायची.
का, ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

त्या श्रावणात धरणाचे दरवाजे उघडले,
तापी दोन्ही अंगांनी चढली
आणि मधल्या बेटावर आम्ही दोघं, एक बकरी.

गढूळ पाणी मी घटाघटा प्यालो, ओकलो.
तो हसला नाही.
काठापासून सात पावलं मोजून
वाळूत कोपरभर झिरा उकरला.
म्हणाला, थांब. पाण्याला बसू दे.
मला थांबवेना.
त्यानं माझं मनगट धरून ठेवलं.

रात्री हुडहुडी भरली.
बकरीच्या या अंगाला तो, त्या अंगाला मी.
मध्यरात्री बकरी उठून गेली.
आम्ही तसेच राहिलो.

तिसऱ्या दिवशी वाहून आलेली केळीची खोडं
सोपटानं बांधली.
माझ्या गाठी सुटायच्या,
त्यानं त्या न बोलता पुन्हा मारल्या.

आता खजान येतो, चुलीपाशी बसतो,
कळण्याची भाकरी, ठेचा, वर कांदा मागून घेतो.
पेल्याचं काय झालं, कुणालाच आठवत नाही म्हणे.
मला आठवतं.

खुंटी आहे अजून.
खजान तिला टोपी अडकवतो
आणि निघताना दर वेळी विसरतो.