आकसपट्टी

साडेसहाला मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवतो,
पतसंस्थेचा चेअरमन पाठीमागं नको.
मोबाईल कुंद्याच्या रिकाम्या डब्याला टेकवतो.
तिकडं किसुमूला चार वाजलेले असतात.
अडीच तासांचा फरक.
"कोल्हापूरची बस तेवढाच वेळ खाते की,"
सुनंदा म्हणते, आणि टीव्हीचा आवाज कमी करते.

आधी पत्रा दिसतो, मग आभाळाचा तुकडा,
मग विक्लिफ ओमोलोचं कपाळ.
एकोणीस वर्षांचा. आई तळ्याकाठी मासे तळते.
वडलांचं त्यानं काढलं नाही, मी विचारलं नाही.
उघड्यावर भंगार वितळवून तो पातेली ओततो.
अशा कामाला तिकडं जुआ काली म्हणतात.
मला वाटलं, जुवा.
मग त्यानं फोन वर धरला:
पडदाभर पांढरंफेक ऊन.

दुकानाला ते दुका म्हणतात, गाडीला गारी,
चहाला चाय.
कुणी कुणाचं उचललं
यावर तिकडं खटला नसावा बहुतेक.

नाव नोंदवताना एक रकाना होता, मातृभाषा.
ह्या रकान्यानं मला जन्मभर
कुठल्या ना कुठल्या खिडकीवरून परत पाठवलंय.
इथं कुणी मान वर करून बघितलं नाही.
मराठी लिहिलं. जागा उरली, खाली कन्नडही लिहिलं.
इंग्रजीपुढं: कारखान्यापुरती.
उद्यमबागेत चौतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले,
इंग्रजी तेवढीच हातात आली,
कोअर, रायझर, रनर, रिजेक्ट.

पहिले चार शनिवार मी उपदेश केला.
जिद्द. वेळेचं महत्त्व.
संस्थेनं पाठवलेल्या कागदात तसं होतं.
तो येस सर म्हणत राहिला
आणि त्याच्या मागं कुणीतरी हातोडा मारत राहिलं.

पाचव्याला त्यानं एक पुली समोर धरली,
पिठाच्या गिरणीची. शाफ्टवर चढत नव्हती.
मापूनच केली होती, म्हणाला.

माळ्यावरून मी आकसपट्टी काढली,
पितळी, कडा काळवंडलेली.
हिच्यावरचा इंच इंचापेक्षा मोठा.
धातू निवताना आकसतो,
म्हणून आधीच थोडं जास्त धरायचं,
अल्युमिनियमला फुटामागं सव्वा सूत.
हे इंग्रजीत सांगताना माझी फे-फे उडाली.
खालच्या भाडेकऱ्याचा मल्लेश फोन धरायला यायचा,
तो कन्नडात म्हणाला, अज्जा, बोलू नका, हातानं दाखवा.
मी दोन तळवे समोर धरले
आणि सावकाश जवळ आणले.
विक्लिफ हसला.
सर म्हणाला नाही. म्झे म्हणाला.
म्हणजे म्हातारबा.

मग तीन शनिवार तो आला नाही.
डब्याला टेकलेल्या पडद्यावर माझंच तोंड.
खरं सांगतो, आधी राग आला.
आपण वेळ काढतो, आणि हा…
वेळ काढतो म्हणे! वेळाशिवाय आहे काय?
कॉम्प्युटरची मशिनं आल्यापासून
ह्या हातांना कोण विचारत होतं?
तिसऱ्या शनिवारी लाईट गेली,
तरी बसून राहिलो तासभर, अंधारात, केस विंचरून.

चौथ्याला कपाळ उगवलं.
आई आजारी होती, फोन गहाण होता. एवढंच बोलला.
मग पत्र्याची एक पट्टी दाखवली,
खिळ्यानं खुणा कोरलेली, जरा वाकडी.
सव्वा सुताला त्यानं काहीतरी नाव दिलंय,
मला ते उच्चारता येत नाही.
पुलीचं विचारायचं राहूनच गेलं.

कॉल संपला तेव्हा मल्लेश
आपला पंजा माझ्या पट्टीवर ठेवून मोजत होता.
"अज्जा, हिच्यावर हात कमी भरायलाय."
"भरणारच. ती निवायच्या आधीचं माप सांगते."
"मग माझं खरं माप कुठलं?"

खालून त्याच्या आईनं जेवायला हाक मारली.
पट्टी तिथंच, कुंद्याच्या डब्यावर राहिली.