चार बोटं उंच

गाडी दारात लागली तेव्हा शेजारचे घाटगे
चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले,
"ही मातीतली हाय का रस्त्यावरची?"
दोन्ही, मी म्हटलं.
अंग मातीतलं, उंच, सडपातळ, हात रुंद,
पायात मात्र डांबरावरचे बूट.
तालमीतलं पोरगं मॅटवर उतरावं तसं.
घाटगे म्हणाले, "मग मागं बसायचं कुणी?"
कुणीच नाही, त्यासाठी स्कूटर हाय की.

सिलिंडर एकच.
वजन इतकंच, की पडली तर एकटीला उचलता यावी.
तन्वीर शिकलगारनं पुढचं एकवीसचं चाक काढलं,
सतराचं बसवलं, आणि बिडी विझवत म्हणाला,
"मागच्या चाकाला स्पेसर लागतोय, मामा.
बाजारात गावायचा नाही."

तो मी केला.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा आहे,
लोकांच्या गाड्यांचे तुकडे हजारांनी काढले,
कुठल्या गावी गेले, कुणाखाली फिरले, पत्ता नाही.
मी स्वतः सायकलवर.
रविवारी मालकाला सांगून शटर अर्धं उघडलं,
ईएन-एटचा गोल चकमध्ये धरला.
पहिला फेकून दिला. चार शतांश आखूड होता.
कंपनीच्या ऑर्डरमध्ये तो पास झाला असता.

राहिली सीट.
तेजलचे पाय टेकत नव्हते,
दोन्ही टाचा हवेत, चार बोटं.
फोम कापून घेऊ, म्हटलं.
"नको पप्पा. मी एका पायावर उभारतो."
(आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात,
येतो, जातो, उभारतो.
पुण्याची वहिनी हसते. हसू दे.)

लायसनच्या वेळी पहिल्यांदा नापास झाली होती,
मामाच्या स्कूटरवर.
आठ काढताना वळणात घाबरली
आणि पाय खाली टेकला.
पाय टेकला की साहेब पुढचं बघत नाहीत.
दुसऱ्यांदा ही गाडी नेली.
मी कुंपणाबाहेर रसाचा ग्लास धरून,
बर्फ विरघळून रस पांढरा झाला तरी हातातच.
आठाच्या कमरेत आली, डगमगली,
डावा पाय सवयीनं खाली गेला,
आणि जमीन लागलीच नाही.
चार बोटं.
मग करते काय, क्लच सोडला, नजर पुढं टाकली,
वळली.

ते मी कुणाला सांगितलं नाही.
तिलाही नाही.

पंधरा दिवसांनी वाघबिळातनं आली
ती डावा लिव्हर वाकवून, कोपर सोलून.
"खडी होती वळणावर," एवढंच.
तिच्या आईनं हळद काढली आणि तोंडही सोडलं,
गाडीला, मला, तन्वीरला, खडी टाकणाऱ्याला.
मी लिव्हर खोलून कामावर नेला.
ॲल्युमिनियम थंड असताना वाकवलं तर तुटतं.
तापवून, थांबून, थोडं थोडं आणायचं जागेवर.
संध्याकाळी बसवताना तिनं पाना धरला
आणि विचारलं, "तुम्ही कधी चालवणार?"
माझं वय झालं, म्हणालो.
"सीट कापूया मग तुमच्यासाठी?"
मी स्पेसरकडं बघत राहिलो. ग्रीस वाळलं होतं.

आता रोज दिवेलागणीला मी दारात असतो, कारणाशिवाय.
पुलाकडून आवाज येतो.
तिसरा.
दुसरा, जरा घाईनं.
गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या असतात,
दुधाचे ग्लास हातात घेतलेली माणसं, चरव्या, पोरं,
त्यांच्यामधनं आठ काढत येते,
पाय टेकत नाहीत.

चौथा उशिरा टाकते अजून.
सांगणार आहे.