सत्तर पावलं

कोल्हापूरच्या दुकानदाराने फोनवर दोन्ही भाव सांगितले
आणि वर म्हणाला, बॉडी येते-जाते हो, काच राहते.
त्याला काय, त्याची काच कोल्हापुरात राहते.
इथे आचऱ्यात काचेलाही बुरशी धरते,
आत, जिथे फडकं पोचत नाही तिथे.
मी कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो
आणि वृंदा भात लावताना विचारते,
आज किती मेगापिक्सेल शिजवू?

ब्याऐंशी हजार आहेत.
एकोणीस साखरपुडे, सात बारशी, तीन जत्रा,
आणि आधारकार्डापेक्षा बरं दिसायचंय म्हणून
स्टुलावर ताठ बसलेली अर्धी पंचक्रोशी.

बॉडीची बाजू अशी:
शटर दोन लाखांच्या पुढे गेलंय.
पकडीचं रबर सुटलं ते पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलंय.
दशावतारात रात्री अडीचला संकासुर येतो,
काळ्या पडद्यापुढे काळा,
आणि माझ्या फोटोत उतरतं ते
किसलेलं खोबरं.
मे महिन्यात कांदळगावच्या लग्नात
अक्षता हवेत होत्या तेव्हा शटर अडकलं.
नवरीच्या भावाने मोबाइलवर काढला
तोच फोटो त्यांच्या भिंतीवर आहे.
छापून मीच दिला. पैसे मागायला तोंड नव्हतं.

लेन्सची बाजू एवढीच:
पिरावाडीच्या पुढे सुरूच्या शेंड्यावर
काकण बसते.
पुस्तकात समुद्रगरुड म्हणतात. असेल.
ती मला सत्तर पावलांपर्यंत येऊ देते.
एकाहत्तरावं टाकलं की फांदी रिकामी,
नुसती हलत असते.
चार वर्षांत जमलाय माझ्याकडे
हलणाऱ्या फांद्यांचा मोठा संग्रह.

सगुण तांडेल वाळूत जाळं झाडत होता.
विचारलं, पैसे एकदाच आले तर
होडी घेशील की जाळं?
"जाळ्यान मासो गावता," तो म्हणाला.
मला वाटलं, मिटलं.
त्याने अडकलेला केंड सोडवला, लांब भिरकावला.
"होडयेन घर गावता."
आणि तंबाखू मागितली.

वृंदाने वहीतून मान वर न काढता सांगितलं,
धंद्याला बॉडी, तुला लेन्स.
हप्ता कुणाच्या नावावर ते ठरव.

मी हिशेब केला नाही असं नाही.
ही लेन्स सत्तर पावलांची नऊ करते.
उरली एकसष्ट.
पावलाला तेराशे चव्वेचाळीस रुपये,
वर सोळा रुपये शिल्लक, त्यात एक चहा.
इतकं महाग मी आयुष्यात कुठे चाललो नव्हतो.

पार्सल आलं.
जुन्या बॉडीवर ती अशी दिसली
जशी आज्याच्या नाकावर नातवाचा गॉगल.
पहाटे गेलो. काकण नव्हती.
फांदी हलतसुद्धा नव्हती.
आता आलोच आहे तर म्हणून भिंग समुद्राकडे वळवलं.
लांब, तिळाएवढी, सगुणची होडी.
चक्र फिरवलं तसा तीळ फुगत गेला,
आणि एकदम त्याचं तोंडच आलं माझ्या अंगावर,
गालावरच्या खुंटांसकट.

तो बोलत होता.
होडीत दुसरं कुणी नव्हतं.
बोलत होता, मध्येच थांबत होता,
समोरच्या रिकाम्या फळीकडे बघून मान हलवत होता,
एकदा तर हसला,
उत्तर आवडल्यासारखा.
बोट माझं. दाबलं गेलं.
शटर या वेळी अडकलं नाही.

पडद्यावर बघितलं, दाणे होते, पण ओळखू येत होतं सगळं.
मग पुसून टाकलं.
पुसताना दोनदा विचारतो हा कॅमेरा,
नक्की ना, नक्की ना.

संध्याकाळी सगुण चार बांगडे घेऊन पायरीशी आला.
"तुजा भिंग इला म्हणतत. काय दिसला?"
फांदी, मी म्हटलं.
"हलणारी?"
हो, म्हटलं. हलणारी.