दोन हँडलं आणि एक माणूस

कागदावर तो पूल क्रमांक अकरा.
अकरा असं त्याला कुणी कधी म्हटलं नाही.
आमच्याकडे तो फळीपूल,
फळ्या जाऊन पत्रे आले तेव्हाही
आणि पत्रे जाऊन सिमेंट आलं तेव्हाही.

ओव्हरसियर तांबवेकरांनी रुंदी ठरवली ती अशी :
मुठेच्या काठी मोकळ्या जागेत चुन्याच्या दोन रेघा मारल्या,
दूधवाल्या मारण्याला कॅनसकट सायकलवर बसवलं,
समोरून दुसरी सायकल सोडली
आणि मधून धुण्याचं गाठोडं घेतलेली सोनाबाई.
"अंग चोरू नका," म्हणाले, "रोजच्यासारखे जा."
तिघं गेली. कुणाचा कुणाला धक्का लागला नाही.
तेवढ्या रेघा नकाशावर चढल्या.
सात फूट दोन इंच.
शेऱ्यात लिहिलं : दोन हँडलं आणि एक माणूस.
वरचे दोन इंच कशाचे, ते लिहिलेलं नाही.

एकसष्टचं मी सांगणार नाही.
मी पोटात होते, आणि सांगणारे पुष्कळ आहेत.
एवढंच, की पाणी उतरलं तेव्हा
मधले दोन गाळे नव्हते,
आणि उरलेल्या कठड्यात एक सायकल अडकली होती,
कुलूप लावलेली.
कुलूप लावलं म्हणजे परत यायचं होतं.
वर्षभर कुणी ती हलवली नाही.

मग पत्रे बसले, आणि सहाच्या भोंग्याआधी पूल वाजू लागला.
खडकीची पहिली पाळी :
डबे, टोप्या, विजारींना क्लिपा.
प्रत्येक पत्रा वेगळा सैल.
दुसऱ्या पाळीचे माझे वडील अंथरुणातूनच म्हणायचे,
"हा भोसेकर. आज उशीर झालाय त्याला."

पाटी होती : सायकलवरून उतरून चालावे.
लोक त्या पाटीला सायकली टेकवायचे.
रात्री पलीकडच्या टोकाला हवालदार,
दिवा नाही म्हणून दोन्ही चाकांची हवा सोडणारा,
अलीकडच्या टोकाला हुसेन बागवानचा पंप,
एका चाकाला दहा पैसे.
दोघांचं आपसात काही ठरलेलं होतं का,
विचारलं की बागवान पंपच जोरात मारायचा.

स्कूटरी आल्या. तोंडाशी एक खांब रोवला.
महिन्याभरात लुना बाजूने शिरली.
दुसरा खांब. तिसरा.
शेवटी सायकलच जाईना,
तेव्हा एका रात्री मधला खांब कापला गेला.
हॅक्सॉचा काप, सरळ, कडा घासून गुळगुळीत केलेल्या,
कुणाच्या विजारीला लागू नये म्हणून.
खात्याने चौकशी लावली.
मी सकाळी चहा देताना वडिलांची नखं पाहिली
आणि साखर विचारली.

ब्याऐंशी साली महापालिकेने मला स्टूल दिलं, पेन्सिल दिली,
दिवसाला अकरा रुपये, पुलावरून जाणाऱ्या सायकली मोजायच्या.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
सात ते आठ : एक हजार नऊशे बारा.
पेन्सिलीला दोनदा टोक काढलं, तेवढ्यात काही निसटल्या असतील.
त्यांची नोंद कुठेही नाही.

सिमेंटच्या वेळी नवा साहेब होता,
त्याने जुन्या फाइलमधली रुंदी
सेंटिमीटरमध्ये करून तशीच उतरवली,
दोन इंचांसकट.

यंदा मी पुन्हा बसले. कुणी सांगितलं नव्हतं.
स्टूल घरचं.
सात ते आठ : चौतीस.
त्यात नऊ हेल्मेटवाले, मनगटावर स्वतःचे ठोके बघत जाणारे.
एक पेपरवाला दोनदा गेला, दोनदा धरला.
बाकी माणसं पायी, कुत्री पायी,
आणि फोनमध्ये नदी भरून घेणारी मुलं,
नाकाला रुमाल लावून.

उठणार, तेवढ्यात पलीकडून एक मुलगी आली,
हँडल सापासारखं,
मागे सीट धरून पळणारा धापा टाकता बाप.
समोरून पेपरवाला, तिसऱ्यांदा.
मध्ये मी, स्टूल काखेत.
मी अंग चोरलं नाही.
तिचं हँडल माझ्या पदराला न लागता गेलं,
कठड्यालाही लागलं नाही.
बापाने सीट केव्हाच सोडली होती.

आठ वाजून गेले होते.
तरी पस्तिसावी रेघ ओढली,
आडवी.