गार होईपर्यंत

अक्कलकोट रोडला, बंद सूतगिरणीच्या भिंतीला टेकून
राजेशम चिप्पांचं गॅरेज.
मे महिना, दुपारचे दोन, वरचा पत्रा तडतडतोय.
विजापूरहून आलेली गाडी वाफ सोडत उभी
आणि गाडीवाला म्हणतो, खोला की लवकर.
मी हात घालते.
"घाई कशाला करलालीस बे?"

मग आम्ही बसतो.
बॉनेट उघडं. कडक भाकरी मोडल्याचा आवाज,
शेंगाचटणी.
चिप्पामामांच्या उजव्या हातावर
मनगटापासून कोपरापर्यंत
गुळगुळीत कातडं, तिथं केस उगवत नाहीत.
अठ्ठ्याऐंशी साल, फियाट, गरम झाकण.
एवढंच सांगतात.

तासाभरानं उलट्या हातानं ते वरची नळी चाचपतात,
पोराचा ताप बघावा तशी.
"आता."

आधी बॅटरीची काळी वायर.
पंखा झोपलेला दिसतो, झोपलेला नसतो.
झाकणावर जाड फडकं, पाव फेरा, थांब, ऐक.
मग पुढचा.
खाली आईची परात,
विड्यांची पानं भिजवायची, काठ चेपला म्हणून इथं आलेली.
तळाचा बूच सैल केला की
हिरवी धार लागते.
मे महिन्यात आमच्याकडं एवढं हिरवं दुसरं काही नसतं.

वास गोडसर.
चव चंप्याला माहीत होती.
तीन पायांवर पळायचा गॅरेजभर.
त्या रात्री परात झाकायची मी विसरले.
चिप्पामामा मला काही बोलले नाहीत.
बाभळीखाली खड्डा खणला,
मग करवत घेऊन बसले
आणि एक फळी कापली, परातीच्या मापाची.

म्हणून आधी फळी. मग क्लिपा, नळ्या.
खालच्या नळीत थोडं राहतंच, तोंड बाजूला.
पंख्याच्या पिंजऱ्याचे चार बोल्ट, एक गंजलेला,
त्याला तेल पाजून पुन्हा बसणं.
जाळीवर पुठ्ठा सरकवायचा :
ती बोटं कापते, आणि बोटानं वाकतेही.
सरळ वर. तिरकं नाही.
हलकाच की, असं वाटतं,
तोवर पोटातलं उरलेलं डुचमळतं.

उन्हासमोर धरला.
जाळीत पाखरांचे पंख, ज्वारीचं एक पातं,
खालच्या कोपऱ्यात बोअरच्या पाण्याचा पांढरा थर.
"साधं पाणी घालत होता का?"
गाडीवाला मोबाइलमध्ये बघतो.

चिप्पामामा फळी उचलून बघतात, परत ठेवतात.
वर एक पाना ठेवतात, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
वारा नाहीच.