अस्तर

म्हापशात, तारीच्या पुलाकडे उतरताना
इनास मेस्ताचं दुकान. दोन मशिनी, एक चालू.
भिंतीवर सां आंतोनी आणि वीजखात्याचं कॅलेंडर.

म्हटलं, मेस्ता, माझ्या कादंबरीत एक बाई आहे,
उसगावहून फोंड्याला ट्रकवाल्यांचा पगार नेते.
तिच्याजवळ पिस्तूल आहे. तळहाताएवढं.
ते ती ठेवील कुठे?

त्यानं दातातली सुई काढली नाही.
"महिना?"
मे.
"मग कोट नको. मे महिन्यात गोव्यात कोट घालतो
तो नवरा तरी, नाहीतर मढं."

मी हसले. तो हसला नव्हता.
"सुती ड्रेस? धुऊन धुऊन विरलेला?
मग अर्धा किलो लोखंड एका अंगाला बसलं
की दुसऱ्या अंगाची शिवण वर चढते.
लोकांना पिस्तूल दिसत नाही, शिवण दिसते.
आपण का बघतोय, ते त्यांनाही कळत नाही."

मी वहीत लिहिलं: पर्स.
"पर्स मांडीवर. कंडक्टर सुट्टे मागणार.
ती खिडकीकडे वळून, पाठ करून उघडणार.
रोजची बाई पाठ करत नाही."

कमरेला?
"बसताना टोचतं. घामानं गंजतं.
आणि फोंडा येईपर्यंत
पोट आत ओढून कोण बसेल, बाय?"

मग सुई काढून टाचणगादीत खोचली.
"वस्तू लपते गे. खिसा मी शिवीन,
त्याच्या आईलाही सापडणार नाही.
हात कुठे लपवशील?
हात दर चार पावलांनी जाऊन बघून येतो,
आहे ना, आहे ना,
नव्या नवरीचा मंगळसूत्राकडे जातो तसा."

चहा आला. बशीत ओतला, निवला, तसाच राहिला.

"गिरीचा फेर्मीन. जाकिटाला आतून खिसा हवा,
चष्म्याच्या घराला, म्हणाला.
चष्मा तो लावत नव्हता.
शिंप्यानं माप विचारावं. कारण विचारू नये.
मी शिवला.

नऊ वर्षांनी त्याची बायको तेच जाकीट घेऊन आली:
धाकट्याला मिसेला जायला लहान करून दे.
त्याच्याबद्दल ती बोलली नाही.
मी अस्तर उसवलं. खिसा रिकामा.
पण कापडानं आकार धरून ठेवला होता,
आणि खाली तेलाचा डाग, चिंचोक्याएवढा,
पोराच्या अंगावर जिथे काळीज येतं
तिथेच."

मग?
"मग काय. नवं अस्तर लावलं.
अस्तराचे पैसे घेतले नाहीत."

घरी येऊन मी दोन पानं खोडली.
खिसा, पर्स, पोटरीला बांधलेला पट्टा,
दुपारभर पुस्तकांतून टिपून काढलेलं सगळं.

आता ती बाई नुसतीच बसमध्ये चढते.
पिस्तूल कुठे आहे, मी लिहिलेलं नाही.
एवढंच, की तिठ्यावर कंडक्टर सुट्टे मागतो
तेव्हा ती डाव्या हातानं देते.
आणि तो,
घ्यायला,
जरासा थांबतो.