भिंतीला खिसे

आधी माप घेतलं.
टेप गळ्यातच असतो माझ्या. काढून खिळ्याला अडकवला:
रुंदी नऊ फूट, उंची चौदा,
आणि कमरेच्या जरा वर, सव्वाचार फुटांवर
पुराची रेघ.
तीनदा चुना दिला तरी उमटते,
कपात राहिलेल्या चहासारखी.

खणभागातला हा बोळ. दोन सायकली समोरासमोर आल्या
तर एकीला मागं जावं लागतं.
इथं वाफा कुठला नि कुंडी कुठली.
पण भिंत आहे, दुपारी दोनपर्यंत उन्हात,
आणि ती आमची नाही. कुडच्यांची.

भुजबली कुडचे म्हणाले, ओल येईल, हेंद्रे वहिनी.
मी म्हटलं, आलीच होती की अण्णा, सव्वाचार फूट.
हसले नाहीत.
दोन दिवसांनी म्हणाले, लावा.
पण माझ्या भिंतीवर कांदा-लसूण नको. मुळा नको, गाजर नको,
जमिनीखाली वाढणारं काहीच नको.
इथं जमीन कुठाय, अण्णा?

यार्डातून हळदीची रिकामी पोती आणली.
झटकली तर अख्खा बोळ शिंकला.
दोन पोती जोडून पाठ, तिसऱ्याचे खिसे,
शर्टाला लावतात तसे चापून नव्हे,
चुण्या घेऊन, झोळदार, पोट सुटलेले.
तीन सुया मोडल्या.
पाठीला जुन्या छत्र्यांचं कापड, ओल मागं जाऊ नये म्हणून.
कुडच्यांनी ते बोटानं दाबून पाहिलं.

जन्मभर लोकांचे खिसे शिवले,
कुणाच्या खिशात काय, कधी विचारलं नाही.
या खिशांत मात्र कोपरापर्यंत हात घातला:
नारळाच्या शेंड्या, शेणखत, नदीचा गाळ.
तोच गाळ, जो त्या ऑगस्टात मशीनच्या मोटरीत भरला होता.
तेव्हा घमेल्यानं बाहेर टाकला,
आता वाटीनं आत घातला.

मेथी. चुका. चाकवत. पोकळा.
दोन मिरच्या. आणि एक घेवडा, कुणाचं न ऐकणारा,
पाइप धरून थेट कुडच्यांच्या खिडकीत गेला.
तांदूळ धुतलेलं पाणी मी सगळ्यात वर ओतते.
वरचा खिसा आपलं भागवतो, सुट्टे खालच्याला देतो,
तो त्याच्या खालच्याला.
शेवटच्या ओळीला थेंब मोजून.
तिथं पानांचा ओवा लावलाय. तो तक्रार करत नाही.

किती निघते भाजी, विचारतात.
खरं सांगू? आठवड्यातून दोनदा, तिघांपुरती,
तीही पातळ केली तर.
मंडई सुटलेली नाही.
पण ही मेथी तेरा पावलांत कढईत येते
आणि देठ मोडताना कट्‌ असं बोलते.
जुडीत बांधलेली मेथी बोलत नाही.

ऐन चातुर्मासात भिंत गच्च भरते
आणि नेमकी तेव्हाच कुडच्यांना पालेभाजी वर्ज्य.
चार महिने खिडकीत बसून नुसते बघतात.
बघण्याला नेम नाही, म्हणाले.

परवा आयर्विनपाशी पाणी अडतीस फुटांवर.
बोळात रात्रभर मोबाइलचे उजेड.
कुडचे शिडी घेऊन आले. न बोलता धरून उभे राहिले,
मी मशीन माळ्यावर चढवलं.
मग टॉर्च भिंतीवर फिरवला त्यांनी, एकेका खिशावर,
हजेरी घ्यावी तसा.

पहाटे सदतीस झालं. मग छत्तीस.

सकाळी रेघेखालच्या कोऱ्या चुन्याकडं बघत म्हणाले,
इथं का नाही काही?
मला सांगता येईना.
आळू लावा, म्हणाले. त्याला पाण्याचं भय नसतं.
अण्णा, आळूला खाली कंद असतो.
खिडकीतला घेवडा त्यांनी जरा बाजूला सारला.
तो मला दिसत नाही, म्हणाले.

मशीन अजून माळ्यावरच आहे.
हा खिसा हातानं शिवतेय, सुतळीनं,
माप न घेता.